पु. ल. देशपांडे यांचा सीमेवरील वाचक

ग्रंथपरीक्षणाच्या आपल्या रूढ पद्धतीत ग्रंथाचा विचार होतो, ग्रंथकाराचाही होतो. परंतु ज्याच्या हाती तो ग्रंथ अखेर पडावयाचा त्या वाचकाचा विचार क्वचितच होतो. वाचकांची मते ही नियतकालिकांच्या पत्रव्यवहारात छापावयाची आणि पुढील अंक निघताच विसरून जावयाची गोष्ट, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. वाचकाचे मत पुष्कळदा घाईचे असते, आवडीनिवडीने रंगलेले असते, आणि त्यामागची कारणे त्याला स्वतःलाही नेहमी सांगता येत नाहीत. तथापि एखादा ग्रंथकार जेव्हा वाचकाच्या घरचा माणूस होऊन बसतो, तेव्हा त्याच्याविषयीची वाचकांची मते हाच वाङ्मयविचाराचा विषय होतो. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) हे असे ग्रंथकार होते. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांविषयी आणि त्यांच्याविषयी लिहिल्या गेलेल्या पुस्तकांविषयी मराठी वाचक जे बोलत आला आहे, त्याची थोडी छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. आणि ती बिदर व कलबुर्गी या कर्नाटकातील सीमावर्ती जिल्ह्यांतल्या मराठी वाचकाच्या बाजूने करावयाची आहे.

पु. लं.ची स्वतःची पुस्तके सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७), ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), ‘अपूर्वाई’ (१९६०), १९६५ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले ‘व्यक्ती आणि वल्ली’, ‘असा मी असामी’ (१९६४), ‘गणगोत’ (१९६६) ही नावे उच्चारताच त्यांतील माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यांच्याविषयीचे वाङ्मयही थोडे नाही. जयवंत दळवी यांनी संपादिलेला ‘पु. ल. : एक साठवण’ हा संग्रह आहे, स. ह. देशपांडे आणि मंगला गोडबोले यांनी सिद्ध केलेला ‘अमृतसिद्धी’ हा विस्तृत ग्रंथ आहे. परंतु या साऱ्यांहून अधिक मते ज्या एका पुस्तकाने निर्माण केली ते म्हणजे सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’. हे पुस्तक मौज प्रकाशनगृहाने १९९० साली प्रसिद्ध केले. त्या वेळी पु. ल. हयात होते, आणि त्यांच्या लोकप्रियतेला ओहोटी लागल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते.

त्या पुस्तकावर वाचकांचे दोन पक्ष पडले आणि ते अद्यापि तसेच आहेत. एका पक्षाला असे वाटले की, ज्याने साऱ्या महाराष्ट्राला हसविले त्याच्या घरातील उणीदुणी त्याच्याच पत्नीने चव्हाट्यावर मांडावयास नको होती. दुसऱ्या पक्षाला असे वाटले की, आता खरा माणूस कळला आणि त्या हास्यामागे एका कर्तृत्ववान स्त्रीचे किती आयुष्य खर्ची पडले हे उघड झाले. २०१९ साली, पु. लं.च्या जन्मशताब्दीच्या वर्षात, त्यांच्या जीवनावरील चित्रपट दोन भागांत आला, तेव्हाही याच दोन पक्षांचा वाद नव्या निमित्ताने झडला. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. पण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती अशी की, पु. लं.च्या लेखनातील ‘मी’ म्हणजेच पु. ल. ही समजूत कोठून आली, तिने वाचनाचे काय नुकसान केले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे सीमेवरून पाहावयाचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या प्रदेशाच्या इतिहासात आहे. बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, बाजारात दखनी, आणि घरात मराठी किंवा कानडी, अशी तेथील भाषाव्यवहाराची वाटणी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि कल्याण म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्ग्याचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले. उदगीरची मावशी महाराष्ट्रात आणि भालकीची भाची कर्नाटकात, अशी एकाच कुटुंबाची दोन राज्ये झाली. ज्या हुमनाबादेत माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी आणि हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली, तेथे एकाहून अधिक भाषांत जगणे ही काही अडचण मानली जात नव्हती. पुढे शिक्षण आणि नोकरी यांची भाषा एक आणि घराची भाषा दुसरी झाली, तेव्हा मराठी पुस्तक ही येथील कुटुंबाला प्रयत्नपूर्वक मिळवावी लागणारी वस्तू झाली.

अशा वाचकाला पु. ल. बहुधा पुस्तकातून भेटले नाहीत. ते आवाजातून भेटले. सोलापूर किंवा लातूरकडून आलेल्या नातलगाने आणलेली ध्वनिफीत, एखाद्या लग्नघरात रात्री चाललेले कथाकथनाचे अनुकरण, ही येथील पु. लं.च्या प्रसाराची साधने. पुस्तक हाती आले ते मागाहून, आणि तेही आवाज कानात ठेवूनच वाचले गेले. येथील मराठी घरांत अशी कितीतरी माणसे आहेत की ज्यांना मराठी अक्षरे जुळवून वाचावी लागतात, पण ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’ यांतील विरामही ज्यांना ठाऊक आहेत. त्यांचे मत विचारले तर ते पुस्तकाविषयी बोलत नाहीत, भाषेविषयी बोलतात. आपली भाषा एवढे करू शकते, हा आनंद त्यांना अधिक मोलाचा वाटतो. ज्याच्या भोवती मराठीचा सतत वापर आहे अशा पुण्यामुंबईच्या वाचकाला या आनंदाची कल्पना येणे कठीण आहे.

पण याच वाचकाचे दुसरेही एक मत आहे, आणि ते इतके सुखद नाही. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्या स्वभावांची पु. लं.नी केलेली तुलना सर्वश्रुत आहे. ती ऐकून बिदरचा मराठी माणूस मनमुराद हसतो. आणि हसून झाल्यावर त्याच्या लक्षात येते की, या तिघांत आपण कोठेच नाही. पु. लं.चे जग गिरगावातील चाळ, पार्ले, पुण्याची पेठ, कोकणातील घर यांच्या आसपास फिरते. मराठवाड्याला त्यात जागा थोडी. मराठवाड्याच्याही पलीकडे उरलेल्या मराठी मुलखाला ती जवळजवळ नाहीच. पु. लं.चा विनोद पांढरपेशा शहरी वर्गाचा आणि स्मरणरंजनाचा विनोद आहे, असा आक्षेप महाराष्ट्रातही वेळोवेळी घेतला गेला आहे. सीमेवरचा वाचक तो आक्षेप सिद्धान्त म्हणून मांडत नाही; त्याला तो अनुभव म्हणून जाणवतो. आणि तरीही तो पु. ल. टाकून देत नाही. या दोन गोष्टी एकाच मनात कशा नांदतात हे समजून घेण्यास ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र फार उपयोगी पडते.

रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. त्या काळातील स्नेहाचे हे चित्र आहे. रावसाहेबांची मराठी कानडी वळणाची. ती ऐकताना श्रोता हसतो, आणि त्या हास्याचा मोठा भाग शब्दांच्या लिंगांच्या गोंधळावर उभा आहे. या गोंधळामागे शास्त्र आहे. कानडीत निर्जीव वस्तू साऱ्या नपुंसकलिंगी. मराठीत मात्र पलंग पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी. कानडीत विचार करणाऱ्या माणसाने मराठी बोलताना येथे घसरणे अपरिहार्य आहे. बिदरकडे त्यात दखनीची भर पडते. तिच्यात दोनच लिंगे. म्हणजे तीन लिंगे, दोन लिंगे आणि निर्जीवांना एकच लिंग अशा तीन व्यवस्था एकाच तोंडात नांदतात. त्यावर ‘काय करलालास’ असे उदगीर-भालकीकडचे क्रियापद आणि होकारासाठी ‘हौ’. या बोलीचा माणूस पुण्यातील एखाद्या दुकानात किंवा वसतिगृहात तोंड उघडतो तेव्हा समोरच्याच्या ओठांवर जे स्मित उमटते, ते त्याला चांगले परिचयाचे असते. तेव्हा ‘रावसाहेब’ ऐकताना आपण कोणाबरोबर हसत आहोत, रावसाहेबांबरोबर की त्यांना हसणाऱ्यांबरोबर, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतोच.

हा प्रश्न लावून ते व्यक्तिचित्र पुन्हा वाचावे, आणि मग पु. लं.ची शक्ती कोठे आहे हे कळते. रावसाहेबांचे व्याकरण चुकते, पण त्यांचे गाण्यातील मर्म चुकत नाही, नाटकाची पारख चुकत नाही, माणसावरचा जीव चुकत नाही. त्या मोडक्या मराठीत जेवढा अर्थ भरलेला आहे तेवढा शुद्ध मराठीत भरता आला असता काय, अशी शंका वाचकाला यावी अशीच त्या चित्राची रचना आहे. लेखक स्वतःला रावसाहेबांच्या वर उभा करीत नाही. तो त्यांच्या शिव्या खाणारा, त्यांच्या मैफलीत बसणारा, त्यांच्याहून थोडा अधिक बुजरा असा माणूस म्हणून वावरतो. बेळगाव ही सीमाभागातील नगरी. तेथील भाषेचा मिश्र पोत येथे विद्रूप ठरत नाही, तो व्यक्तित्वाचा भाग होतो. सीमेवरचा वाचक पु. ल. टाकीत नाही त्याचे कारण येथे आहे. ज्या पुस्तकांत त्याचे गाव नाही, त्यांतील एका माणसात त्याची जीभ आहे.

आता ‘मी’च्या प्रश्नाकडे वळू. मराठी विनोदाने आरंभापासून मुखवटा वापरला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ वाटले ते सुदाम्याच्या नावाने. राम गणेश गडकरी विनोदी लेखनापुरते बाळकराम झाले. चिं. वि. जोशी हे पालीचे पंडित, बडोद्यास असलेले. त्यांनी चिमणराव उभा केला, आणि चिमणरावाच्या संसारातील फजितीवरून जोशींच्या संसाराचा पंचनामा करावा असे वाचकांच्या मनात आले नाही. मुखवट्याचा हा लाभ असतो की, लेखक आपल्या मूर्खपणावर निर्धास्तपणे हसू शकतो, आणि वाचकही ते हास्य घरापर्यंत नेत नाही. पु. लं.नीही मुखवटा घेतला होता, हे आपण विसरतो. ‘असा मी असामी’ मधील ‘मी’ हा पु. ल. नव्हे; तो धोंडो भिकाजी जोशी नावाचा कारकून आहे. त्याचे घर, त्याची कचेरी, त्याचा गोतावळा, सारे रचलेले आहे.

मग हा मुखवटा गळला कोठे? तो रंगमंचावर गळला. ‘बटाट्याची चाळ’ घेऊन पु. ल. एकटे प्रेक्षकांपुढे उभे राहिले, ‘असा मी असामी’चेही त्यांनी तसेच प्रयोग केले, पुढे ध्वनिफितींनी तो आवाज घरोघर नेला. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या वाचकाला लेखकाचा आवाज ठाऊक नव्हता, पु. लं.च्या वाचकाला तो आपल्या काकाच्या आवाजाइतका ठाऊक झाला. धोंडो भिकाजीचे शब्द पु. लं.च्या कंठातून आले, आणि कारकुनाची बुजरी, निरुपद्रवी, लोभस मूर्ती लेखकाच्या अंगावर चढली. त्यातच ‘गणगोत’सारख्या पुस्तकांत खऱ्या माणसांची चित्रे होती, ‘अपूर्वाई’त खरा प्रवास होता, तेव्हा कोठला ‘मी’ खरा आणि कोठला रचलेला हा विवेक वाचकाने सोडून दिला. अंतू बर्वा खरोखर कोण होता, नारायण कोणावरून घेतला, या चौकशा आजही संपत नाहीत, त्या याच कारणाने. यात केवळ वाचकाचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. ही जवळीक पु. लं.च्या कलेचे सामर्थ्य होती, आणि तिचा त्यांनी मुक्त हस्ताने उपयोग केला. ज्याने सर्वांना आपले मानू दिले, त्याच्यावर सर्वांनी मालकी सांगितली यात नवल नाही.

चार्ली चॅप्लिन यांचे आत्मचरित्र १९६४ साली प्रसिद्ध झाले. पडद्यावरचा टोपी-काठीवाला भटक्या ज्यांच्या मनात घर करून होता, त्यांना त्या पुस्तकात एक धनवान, कीर्तिमान, थोरामोठ्यांत वावरणारा गृहस्थ भेटला. विनोदी नटाचा चेहरा आणि विनोदी पात्राचा चेहरा यांतील हे अंतर सर्वत्रच आहे. पण चॅप्लिन यांनी ते स्वतः दाखविले. मराठीत ते दुसऱ्याने, आणि तेही पत्नीने दाखविले. म्हणून येथील धक्का मोठा होता.

‘आहे मनोहर तरी’ वाचणाऱ्या पहिल्या पक्षाचे दुःख मग नीट समजते. त्यांनी गमावला तो पु. ल. नावाचा मनुष्य नव्हे, त्याला तर ते ओळखतच नव्हते. त्यांनी गमावला तो धोंडो भिकाजी. दुसऱ्या पक्षाचा न्यायही याच कारणाने सदोष ठरतो. त्यांनी पत्नीच्या जबानीवरून लेखकास दोषी ठरविले आणि मग ती शिक्षा त्याच्या पुस्तकांना भोगावयास लावली. ‘घरात असा होता, म्हणून त्याचा विनोद खोटा’ हा निष्कर्ष, आणि ‘विनोद एवढा गोड, म्हणून घरातले सांगणे खोटे’ हा निष्कर्ष, ही एकाच तर्कदोषाची दोन टोके आहेत.

येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्मरण होते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या लहरी, त्यांचे विसराळूपण, त्यांनी संसाराची केलेली त्रेधा, हे सारे लक्ष्मीबाईंनी सांगितले. पण टिळकांचा अधिक्षेप झाला अशी ओरड मराठी वाचकाने केली नाही. कारणे दोन. टिळक १९१९ सालीच निवर्तले होते, आणि ‘स्मृतिचित्रे’ नंतरच्या काळातील आहे. दुसरे आणि महत्त्वाचे कारण हे की, टिळक गंभीर आणि लक्ष्मीबाई विनोदी होत्या. हास्य पत्नीच्या हाती होते. देशपांडे यांच्या घरी हास्य पतीकडे गेले होते, आणि पत्नीच्या वाट्याला हिशेब, शिस्त आणि नकार आले होते. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, तत्त्वासाठी स्वतःलाही न सोडणारी ही स्त्री हसून सोडून देण्याच्या स्वभावाची नव्हती. तिने पतीला जे प्रश्न विचारले त्यांहून कठोर प्रश्न स्वतःला विचारले आहेत. आणि ते पुस्तकभर पसरलेले असूनही दोन्ही पक्षांच्या मतांत त्यांचा उल्लेख क्वचित आढळतो. ज्याला तिच्याकडे केवळ पत्नी म्हणून पाहावयाचे नसेल, त्याने धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली तिची पत्रे, ‘प्रिय जी. ए.’, वाचावी. तेथे पु. लं.च्या संदर्भाची गरज न लागणारी एक लेखिका भेटते.

आमच्या मते ‘व्यक्ती आणि वल्ली’ आणि ‘आहे मनोहर तरी’ ही पुस्तके एकमेकांविरुद्ध साक्ष देणारी नाहीत. ती एकमेकांच्या मर्यादा दाखविणारी आहेत. पु. लं.ची व्यक्तिचित्रे बहुधा अखेरीस ओलावतात. नारायणासारखा लग्नघरात राबणारा माणूस कार्य उरकताच सर्वांच्या विस्मृतीत जातो, हे पु. लं.ना दिसते, ते आपल्यालाही दाखवितात. पण त्या विस्मृतीला जबाबदार कोण, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच ते चित्र संपवितात. आपण गहिवरतो, आणि गहिवरल्यामुळे सुटतो. त्यांच्या विनोदाची ही उणीव आहे, आणि ती त्यांच्या थोरवीबरोबर सांगितली पाहिजे. सुनीताबाईंचे गद्य जेथे तो ओलावा थांबतो तेथून सुरू होते. इतरांच्या कौतुकावर जगणाऱ्या घरात राबणाऱ्याची आठवण कोणी ठेवली, असे त्या विचारतात. त्यांच्याही लेखनाला उणीव आहे: हिशेब मांडताना माणसाच्या हलकेपणाला, निव्वळ खेळकरपणाला जे मोल असते ते त्यांच्या तराजूत नेहमी उतरत नाही. पण नारायणाविषयी आपल्याला वाटलेला कळवळा खरा असेल, तर तो ‘आहे मनोहर तरी’च्या लेखिकेलाही नाकारता येत नाही.

हा विवेक सीमेवरच्या वाचकाला तुलनेने सोपा जातो, असे आमचे निरीक्षण आहे. पु. लं.ना प्रत्यक्ष पाहिल्याचा, त्यांच्या घराच्या गोष्टी ऐकल्याचा, त्यांच्याविषयी मालकी वाटण्याचा प्रसंग त्याला आला नाही. मनुष्य दूर होता, भाषा तेवढी जवळ आली. म्हणून ‘आहे मनोहर तरी’ वाचून त्याला फसल्यासारखे वाटले नाही. आणखी एक प्रकारची मराठी हाती आली असे वाटले, न हसणारी, स्वतःशी भांडणारी. आणि ‘रावसाहेब’ ऐकताना आपण हास्याचा विषय आहोत की सोबती, हे तपासण्याची सवय त्याला आधीच लागलेली असल्यामुळे, हसविणाऱ्याची बाजू आणि हसविण्याची किंमत या दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी ध्यानात ठेवू शकतो.

मात्र हा वाचक किती काळ उरेल, हा प्रश्न आहे. जेथे मराठी शाळेतील पट उतरतो आणि घरातील तिसरी पिढी मराठी समजते पण वाचीत नाही, तेथे पु. लं.चा आवाज राहील आणि पुस्तक जाईल. आवाजाबरोबर हास्य राहील. परंतु ‘आहे मनोहर तरी’सारखे, कोणी वाचून न दाखविलेले, एकट्यानेच वाचावयाचे पुस्तक मात्र हरवेल. मग त्या मुलाच्या वाट्याला भाषेचा केवळ हसरा अर्धा भाग येईल. भालकी, औराद, आळंद येथील ज्या ग्रंथसंग्रहांत अद्याप मराठी कपाट आहे, तेथे ‘गणगोत’ आणि ‘आहे मनोहर तरी’ ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी असावीत, आणि ती वाचणाऱ्यांनी आपली मते, ती कितीही घाईची वा अपुरी असोत, लिहून ठेवावीत. पुढील टीकाकाराला त्यांची गरज लागणार आहे.